लस आणि जनुकबदल एकच का?

‘लस टोचतो तसंच जन्माआधी भ्रूणातलं जनुक सुधारलं, त्यात एवढं काय?’ असा युक्तिवाद काही जण करतात, तो मला काही पटला नाही. लस माझ्यापुरती असते. भ्रूणातला बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

२०१८ चं चीनमधलं प्रकरण बघा. संशोधक हे जियानकुई (‘हे’ त्यांचं आडनाव) यांनी एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून जुळ्या मुलींच्या भ्रूणांत सीसीआर५ जनुकाला (एचआयव्हीला पेशीत शिरायला याचीच मदत होते) कात्री लावली. वडील बाधित होते खरे, पण शुक्राणू धुऊन घेतले की तो धोका तसाही टळतो. शिवाय काही माणसांत या जनुकात निसर्गतः आढळणारा, एचआयव्हीपासून वाचवणारा बदल या संशोधकांना जमलाच नाही. बदल झाले ते भलतेच, तेही सगळ्या पेशींत सारखे नाहीत. वर हे जनुक निकामी असलं तर वेस्ट नाईल या डासांतून पसरणाऱ्या विषाणूचा आजार बळावण्याची भीती जास्त. जियानकुईंना ३ वर्षांची कैद झाली. मुलींचे बदल कोण मागे घेणार?

जनुकं बदलून उंची-बुद्धी वाढवण्याचं तर सोडाच. एकट्या उंचीशी निगडित जनुकसंचातल्या सुमारे १२,००० जागा सापडल्यात, कुठे कुठे कात्री चालवाल?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर २०२३ मध्ये मान्यता मिळालेला क्रिस्पर (जनुकाला कात्री लावायचं तंत्र) उपचार वेगळा. तो रुग्णाच्याच रक्तपेशींवर होतो, संततीत जात नाही. त्याला माझा अजिबात विरोध नाही.