मदत हवी आहे: स्वसंरक्षणाचा व्हिडिओ घेतलाय, पण तो खरंच कामाचा आहे का, हे कसं ओळखायचं?

राम राम मंडळी. परभणीहून लिहितेय. लेक अकरावीला लातूरला चाललीय, नीटच्या क्लाससाठी. ट्यूशन एरियापासून खोली २० मिनिटं चालत. शेवटचा तास रात्री साडेआठला सुटतो. तिच्या बाबांनी काळजीपोटी १२०० रुपये मोजून एका मास्तरांचा पेन ड्राइव्ह आणला. दीड तासाचा व्हिडिओ, ३२ डाव. वर लिहिलंय 'क्राव मागा आणि कराटे' (क्राव मागा म्हणजे इस्रायलची स्वसंरक्षणाची पद्धत म्हणे).

बघायला झकास आहे. मास्तर चपळ, आवाज खणखणीत. पण मला काही गोष्टी खटकायल्या. हल्ला करणारा पोरगा मास्तरांचं मनगट धरतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. दुसरा हात कमरेवर! मास्तर एक-दोन-तीन-चार म्हणत हात फिरवतात, की हा आपणहून आडवा. चाकूच्या भागात तर तो एकदाच भोसकतो आणि हात तसाच पुढं ठेवतो, कंडक्टर सुट्टे मागतो तसा.

माझा भाऊ लहानपणी तालमीत जायचा. त्याला म्हणलं, भैया, जरा करून बघा लेकीसोबत. अंगणात ताडपत्री टाकली. सांगून धरलं तेव्हा मनगट चटकन सुटलं, पोरगी खूश. तिसऱ्या दिवशी ती गिरणीतून दळण घेऊन आली, तर दारातच यानं न सांगता मागून दंड धरला आणि ओढलं. पोरगी जागच्या जागी थिजली. निम्मं पीठ ओट्यावर. नंतर म्हणायली, "आई, कितव्या नंबरचा डाव होता तेच आठवेना."

तर प्रश्न असा: व्हिडिओच फालतू आहे की आमची तयारी कमी पडली? जायला २० दिवस आहेत. लातुरात लावायला क्लास सापडेल तेव्हा सापडेल, तोवर यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं?

एकटा_जीव: व्हिडिओ बघून पोहता येतं का? पैसे पाण्यात.

परभणीची आई: दादा, नाही येत, मान्य. पण पैसे गेलेत आणि पेन ड्राइव्ह घरात आहे. पुढचं बोला.

तालीमवाला (औसा): ताई, तुमच्या भावानं तीन दिवसांत जी परीक्षा घेतली, तीच खरी. आमच्यात डाव दाखवणं वेगळं आणि डाव लावणं वेगळं. धोबीपछाड कुणीही दाखवतो, पण समोरचा अंग चोरायला लागला, मान दाबायला लागला की निम्म्यांचा डाव बसत नाही. म्हणून तर रोज जोड धरावी लागते. व्हिडिओ बघताना मास्तरांकडं बघूच नका, त्या मार खाणाऱ्या पोराकडं बघा. तो एकदा तरी हात मागं ओढतो का? दुसऱ्या हातानं केस धरतो का, ढकलत भिंतीपर्यंत नेतो का? दीड तासात मास्तरांचा एकही डाव फसत नसेल, तर ती कवायत आहे.

जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुदो सुरू केलं, ते याच कारणानं मला आवडतं. त्यांनी सरावाच्या झुंजीतून जिवावर बेतणारे प्रहार बाजूला काढले, म्हणजे उरलेले डाव पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर रोज करता यावेत. डोळे फोडण्याचा डाव कुणावर पूर्ण करून बघणार? ज्याचा सराव होत नाही तो अडचणीच्या वेळी निघत नाही. 'क्राव मागा' या नावावर जाऊ नका, पाटी कुणीही लावतो.

मनगटाचा डाव मात्र ठेवा. पकड सगळ्यात कच्ची असते ती अंगठा आणि बोटं मिळतात तिथं. त्या फटीकडं हात काढायचा, पण नुसत्या हाताच्या जोरावर नको. कोपर पोटाशी, एक पाऊल टाकून सगळं अंग वळवायचं. चार आकडे मोजायचे नाहीत, एकाच झटक्यात. भीतीनं हातापायाला कापरं भरतं, तेव्हा बोटांची नाजूक कामं जमत नाहीत. ज्या डावात समोरच्याचं एकेक बोट पकडायचं असेल तो आत्ताच काढून टाका.

चाकूचा भाग तर बघूच देऊ नका. खरा माणूस एका हातानं गळपट्टी धरून दुसऱ्यानं भराभर वार करतो, हात पुढं ठेवून थांबत नाही. पर्स मागितली तर लांब फेकायची आणि उलट्या दिशेनं पळायचं.

रात्रपाळी (नांदेड): मी नर्स आहे, ११ वर्षं रात्रीची ये-जा. मला एकच विचारायचंय: अशा व्हिडिओतली बाई काय घालून असते? पांढरा ड्रेस, अनवाणी, निळी गादी. आपल्या पोरी कशा असतात? पाठीवर सॅक, पायात सँडल, ओढणी दोन्ही खांद्यांना पिन लावून. माझी ओढणी एकदा मोटारसायकलवाल्यानं ओढली. पिना होत्या म्हणून सुटेना, मीच फरफटत गेले चार पावलं. तेव्हापासून ओढणीला पिन नाही. आणि उन्हासाठी आपण तोंडाला स्कार्फ बांधतो ना, तो रात्री काढायला सांगा. बाजूचं दिसत नाही आणि ओरडलं तर आवाज आत राहतो.

ओरडण्याचा सराव केलाय का? हसू नका. पहिल्यांदा माझ्या तोंडून फुटका आवाजही निघाला नव्हता. "सोड!" असं घरात मोठ्यानं, शेजारी आले तरी चालतील.

काळा_कोट: कायद्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वतःच्या बचावाचा हक्क कलम ३४ पासून पुढं आहे. पण कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. व्हिडिओत माणूस खाली पडल्यावर त्याचा हात मोडताना दाखवलं असेल, तर ते शिकू नका. तो पडला म्हणजे पळायची वेळ झाली. आणि ११२ लावा.

परभणीची आई: सगळ्यांचे आभार. काल पुन्हा बसून पाहिलं, या वेळी फक्त त्या मार खाणाऱ्या पोराकडं. ३२ डावांत तो एकदाही हात ओढत नाही. एकदा तर मास्तरांचा हात लागायच्या आधीच पडला! लेक आणि मी पोट धरून हसलो. तिच्या बाबांना तेवढं हसू आलं नाही.

३२ मधले तीन ठेवलेत: मनगट सोडवणं, मागून मिठी मारली तर खाली बसून पाय तुडवणं, आणि केस धरले तर त्याचा हात डोक्याशी दाबून धरत त्याच्याच दिशेनं आत शिरणं. भैया आता दिवसातून कधीही, सॅक पाठीवर असताना, जिन्यात, अंधारात धरतात आणि सोडत नाहीत. पहिल्या दिवशी दहापैकी दोनदा सुटली, काल पाचदा. उरलेल्या पाच वेळी तरी ओरडली, समोरच्या काकू लाटणं घेऊन आल्या. मिठीवाला डाव भैयाच्या वजनापुढं अजून बसत नाही, त्याला काही तोड असेल तर तालीमवाले दादांनी सांगावं.

आणि लातुरात मुलींसाठी जुदो किंवा कुस्तीचा क्लास सकाळी सातच्या आत कुठं असतो का? रात्री तिला जमणार नाही. पेन ड्राइव्ह भैयानं गाणी भरायला ट्रॅक्टरसाठी मागितलाय.