हिवाळ्यात नॉर्वेला देवमासे बघायला जायचंय, आई ६६ ची आहे, मोठी बोट की छोटी?

कमाटीबागवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

आम्ही बडोद्याचे, कारेलीबागेत राहतो. आईला लहानपणापासून एक वेड आहे. कमाटीबागेतल्या म्युझियममधला ब्लू व्हेलचा सांगाडा इथल्या बडोदेकरांनी बघितलाच असेल, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आला होता तो, सत्तर फुटांच्या वर लांब. आईच्या शाळेची सहल म्हणजे एक तर पावागड नाहीतर कमाटीबाग, बाकीच्या मुली ममी बघायला पुढे पळायच्या आणि ही सांगाड्यापाशी उभी राहून बरगड्या मोजायची, बाई ओरडेपर्यंत. आता रिटायर झाल्यावर म्हणते हाडं खूप बघितली, एकदा जिवंत बघू दे. मला वाटलं होतं गंमत करतेय, पण तिने चक्क वेगळी एफडी करून ठेवलीय.

भाऊ स्टॉकहोमला नोकरीला आहे, नाताळात त्याच्याकडे जाणारच आहोत, तिथून नॉर्वेला ट्रोम्सोला जायचं असं ठरतंय. आता घोळ असा की एक बोटवाले म्हणतात ट्रोम्सोहून मोठी बोट, आठ-नऊ तासांची ट्रिप, दुसरे म्हणतात शेर्वॉय नावाच्या गावी येऊन राहा, तिथून छोट्या रबरी बोटीतून दोन-तीन तासात दाखवतो. भाऊ रबरी बोटीच्या बाजूने, मी मोठीच्या, आई म्हणते तुम्ही भांडा मी बॅग भरते.

आणि डिसेंबरात तिथे सूर्यच उगवत नाही म्हणे, मग अंधारात बघायचं काय? आईचे गुडघे कुरकुरतायत, शिवाय तिला बोट लागते, ओख्याहून बेट द्वारकेला जायच्या होडीत सुद्धा मळमळलं होतं (पूल व्हायच्या आधीची गोष्ट). खाणं शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. कोणी जाऊन आलंय का? वेबसाइटवरचं नको, ते सगळं वाचून झालंय.

रावपुरा_ते_रोम

ताई आम्ही दोघं जाऊन आलो, डिसेंबर २०२२, मोठ्या बोटीनेच. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, बरगड्या मी पण मोजल्यात!

अंधाराचं आधी सांगते कारण मला पण तीच भीती होती. ट्रोम्सोला साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही हे खरं, पण म्हणून काळाकुट्ट अंधार चोवीस तास नसतो. आपल्याकडे पहाटे साडेसहाला गच्चीवर गेल्यावर जसं दिसतं तसं सकाळी नऊ-साडेनऊला व्हायला लागतं आणि दुपारी दोनपर्यंत टिकतं. मधे बाराच्या सुमारास दक्षिणेकडे आकाश असं गुलाबी-नारिंगी होतं की आता येतोच सूर्य, आणि येतच नाही. बर्फाचे डोंगर निळे दिसतात, खरोखर निळे. बोटी बरोब्बर त्या उजेडात तिथे पोचतील अशाच निघतात, जाता-येता अंधार.

आता आमची फजिती. आमच्या ह्यांना पण बोट लागते म्हणून निघताना एक अख्खी अ‍ॅव्होमिन दिली, वर बंदरावर वारा बघून घाबरले आणि मला न सांगता अजून एक घेतली. उलटी झाली नाही, पण माणूस जो आडवा झाला तो झालाच. मी वर डेकवर, समोर सहा-सात ओर्का (किलर व्हेल म्हणतात ते), त्यातल्या नराचा पाठीवरचा पंख माणसाएवढा उंच, सगळी बोट एकदम श्वास रोखून, आणि आमचे हे आत खिडकीपाशी तोंड उघडं टाकून घोरतायत. दोनदा हलवलं, म्हणाले आपल्या बडोद्याची मांडवी आली का. शेवटी हंपबॅक जातीचा देवमासा आला तेव्हा उठवून, टोपी घालून, हाताला धरून बाहेर काढले. तर गोळी आईंना द्या पण आधी घरी कधीतरी देऊन बघा किती झोप येते, आणि डॉक्टरांना विचारून, त्या वयात बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतात.

हंपबॅक जवळ आला ते मात्र सांगते. आधी आवाज येतो, प्रेशर कुकरची शिट्टी अर्धवट उचलल्यावर येतो नं तसा फुस्स, मग वाफेचा खांब, आणि मग वास! कोणी सांगितलंच नव्हतं. सडक्या माशाचा, गरम, अंगावर आलेला. माझ्या शेजारी एक जर्मन आजोबा होते, त्यांनी नाक धरलं आणि माझ्याकडे बघून हसले, मी पण हसले, भाषेची गरज पडली नाही. मग पाठ हळूहळू वर येते, संपतच नाही, आणि शेवटी शेपूट वर. शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्याची नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी, त्यावरूनच ओळखतात त्यांना. फोटो चांगला आला तर हॅपीव्हेल नावाच्या साइटवर टाकता येतो, तुमचाच मासा आधी कुठे कोणाला दिसला होता ते कधी कधी कळतं.

माझा फोटो आला नाही. थंडीत फोन अठरा टक्क्यांवरून डायरेक्ट बंद. फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, लागेल तेव्हाच काढा.

खाण्याचं: आमच्या बोटीवर भाजीचं सूप आणि ब्रेड होता, आधी कळवलेलं बरं. थेपले न्या, खाकरे न्या. पण पेढे, श्रीखंडाच्या वड्या, चीज असलं काही नेऊ नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे.

खारं_पाणी

मूळचा बडोद्याच्या वाडीतला, आता जहाजावर इंजिनिअर, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

बोट कुठून घ्यायची हा प्रश्नच हेरिंग नावाची छोटी मासळी ठरवते, तुम्ही-आम्ही नाही. देवमासे तिथे थंडी खायला येत नाहीत, हेरिंग खायला येतात. हेरिंगचे प्रचंड थवे थंडीत नॉर्वेच्या उत्तरेकडच्या फियॉर्डमधे (डोंगरांमधे आत घुसलेल्या खाड्या) येऊन नुसते पडून असतात, मग साधारण जानेवारीच्या शेवटाला अंडी घालायला दक्षिणेकडे किनाऱ्याने खाली जातात. ओर्का त्यांच्या मागे मागे. हंपबॅक इथे पोट भरून घेतात आणि मग त्यांच्यातले बरेच पार कॅरिबियनपर्यंत पोहत जातात पिल्लं घालायला. म्हणून सीझन नोव्हेंबर ते जानेवारी, फेब्रुवारीत गेलात तर नुसते डोंगर बघून याल.

आणि हेरिंग दर काही वर्षांनी आपली जागा बदलते. पूर्वी खाली टिसफियॉर्डला असायची, मग काही वर्षं ट्रोम्सोच्या अगदी बाजूच्या फियॉर्डमधे, आणि २०१७ च्या आसपासपासून सरकली वर शेर्वॉय आणि क्वेनांगेनकडे. हे सांगायचं कारण, नेटवर जुने ब्लॉग आहेत त्यात लिहिलेलं असतं ट्रोम्सोहून अर्ध्या तासात व्हेल दिसले, लोक ते वाचून जातात आणि मग तीन-साडेतीन तास एका बाजूचे लागले की चिडतात. तुमच्या आठ-नऊ तासांपैकी सहा-सात तास प्रवासच आहे. बुक करताना जुनं काही वाचू नका, ह्या हिवाळ्यात कुठे दिसतायत ते विचारा.

आता आईंचं. रबरी बोट, म्हणजे रिब, त्यात घोड्यावर बसल्यासारखं बसायचं असतं, लाट आली की बोट उडते आणि आपटते, तो दणका सरळ कण्यात. पाठीचं दुखणं असलेल्यांना बहुतेक जण घेतच नाहीत. गुडघे कुरकुरतायत म्हणालात म्हणजे माझ्याकडून सरळ नाही. हो, रिबमधून देवमासा तुमच्या डोळ्याच्या लेव्हलला दिसतो, ती मजा वेगळी आहे, ती भावाला एकट्याला घेऊ दे.

पण मोठ्या बोटीचं पण एक आहे. ट्रोम्सोहून जाताना बराचसा रस्ता बेटांच्या आडोशाने आहे पण एक-दोन ठिकाणी आडोसा सुटतो आणि तिथे वारा असेल तर हलते चांगलीच. म्हणून मी तिसरा मार्ग सुचवतो: बसने किंवा गाडीने शेर्वॉयला जायचं, तिथे रात्र काढायची, आणि तिथून मोठी, आतमधे बसायला गरम जागा असलेली बोट घ्यायची. रस्त्याने पण तीन-चार तास लागतात पण रस्ता हलत नाही. बोटीत मधोमध आणि खालच्या मजल्यावर बसा, तिथे सगळ्यात कमी हलतं. नजर लांब डोंगरावर, मोबाइलमधे नाही. आल्याच्या वड्या तोंडात.

थंडीचं फार टेन्शन घेऊ नका. ६९-७० अक्षांशावर असून तिथलं बंदर गोठत नाही, अटलांटिकचा कोमट प्रवाह वर येतो त्यामुळे. ट्रोम्सोला शून्याखाली चार-पाच, कधी दहा. लागतो तो वारा. आतून लोकर, सुती बनियन अजिबात नाही, घाम आला की ओला कपडा अंगाला चिकटून गोठवतो.

सुरसागर_काठ

एवढे लाख घालवून पाण्यात शेपूट बघायचं? आपल्या वेरावळला येतो की व्हेल, सरकारने जाहिरात पण केली होती. गाडीत टाका आईला, एका दिवसात पोचाल, वाटेत सोमनाथ पण होईल.

खारं_पाणी

@सुरसागर_काठ साहेब तो व्हेल शार्क. मासा आहे, कल्ल्याने श्वास घेतो, देवमासा नव्हे. (तसा देवमासा पण मासा नाही, आपल्या भाषेने आधीच घोळ करून ठेवलाय.) आणि जाहिरात बघायला या म्हणून नव्हती, मारू नका म्हणून होती. पूर्वी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेलासाठी आणि मांसासाठी त्याची शिकार व्हायची, २००१ मधे कायद्याने बंद केली, मग २००४ पासून मोरारी बापूंनी कोळी लोकांना समजावलं की ही माहेरी आलेली मुलगी आहे, व्हाली, म्हणजे लाडकी. त्यानंतर लोक स्वतःची जाळी कापून सोडायला लागले. गोष्ट फारच सुंदर आहे पण ह्या ताईंच्या आईला तिकडे होडीत बसून काही दिसायचं नाही.

सुरसागर_काठ

बरं बाबा मासा. सोमनाथ तरी होईल.

निळी_शाल

मी जरा कडू लिहिणार आहे, राग मानू नका. मी शेर्वॉयहून गेले होते आणि जे बघितलं ते डोळ्यात पाणी आणणारं होतं, पण दोन्ही अर्थाने.

चांगलं आधी. ओर्कांनी हेरिंगचा गोळा केला होता, आठ-दहा जण भोवती गोल फिरत त्यांना दाबत वर पृष्ठभागाकडे आणत होते, मधेच एक वळायचा आणि शेपटीचा फटका, पाण्याखालून धप्प असा आवाज यायचा. फटक्याने सुन्न झालेले मासे मग एकेक करून खायचे, घाई नाही, अगदी पंगतीत बसल्यासारखं. पाण्यावर खवले तरंगत होते, चांदीचा वर्ख उधळल्यासारखे. आणि मग खालून एकदम हंपबॅक आला तोंड उघडून आणि अर्धी पंगत एका घासात. आयत्या ताटावर! ओर्का बिचारे बाजूला.

आणि वाईट हे की त्या एका गोळ्याभोवती आम्ही बारा-पंधरा बोटी होतो. काही जण ड्रायसूट (पाणी आत न शिरणारा पोशाख) घालून पाण्यात उड्या मारत होते, ओर्काच्या पुढ्यात. आमचा कप्तान चांगला, त्याने लांबच इंजिन बंद केलं आणि म्हणाला त्यांना यायचं तर ते येतील, वीस मिनिटांनी आलेच. पण दुसरे मागे मागे पळत होते. हे प्राणी आवाजावर शिकार करतात, वर पंधरा इंजिनं घरघरत असतील तर त्यांनी ऐकायचं काय?

तर ताई, बोट निवडताना लहान-मोठी ह्याबरोबर हे पण विचारा की तुम्ही किती अंतर ठेवता, पाण्यात उतरवता का. इलेक्ट्रिक-हायब्रिड बोटी आहेत ट्रोम्सोहून, देवमाशांजवळ गेल्यावर आवाज न करता चालणाऱ्या, काहींवर पाण्यात माइक सोडून त्यांचे आवाज ऐकवतात. महाग पडतात थोड्या. आईंनी एफडी केलीच आहे तर त्यातली घ्या.

अजून एक, ट्रोम्सोच्या हॉटेलांत मेनूवर व्हेलचं मांस असतं. नॉर्वे अजून मिंके व्हेलची शिकार करतो. सकाळी बघून आलो आणि रात्री मेनूत तेच, माझी मैत्रीण जेवलीच नाही त्या दिवशी. आईंना आधी सांगून ठेवा.

रावपुरा_ते_रोम

@निळी_शाल हे खरं आहे, मी लिहायला विसरले, आमच्या वेळी पण गर्दी होती. आणि समजा एवढं करून नाहीच दिसले तर? आमच्या आदल्या दिवशी वाऱ्यामुळे बोट सुटलीच नव्हती. हातात दोन-तीन दिवस ठेवा ताई, एकाच दिवसावर सगळं लावू नका. वर आकाश मोकळं असलं तर रात्री नॉर्दर्न लाइट्स फुकट.

कमाटीबागवाली

बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार, सुरसागरवाल्या दादांचे पण.

आईला सगळा धागा वाचून दाखवला काल रात्री. झोपलेल्या काकांवर पाच मिनिटं हसली आणि मग म्हणाली मला गोळी नको, झाली उलटी तर होऊ दे, समुद्र काय नाही म्हणणारे. मी आणि भाऊ दोघांनी मिळून (पहिल्यांदाच एकमत) अर्ध्या गोळीवर तडजोड केलीय, ती पण डॉक्टरांनी हो म्हटलं तर, आणि रविवारी घरी ट्रायल. शेर्वॉयला दोन रात्री, मोठी बोट, आणि अंतराचं विचारणारी मेल कालच तिघांना टाकली. एकाचंच उत्तर आलंय, आवाज न करणाऱ्या बोटवाल्याचं, चांगलं तपशीलवार.

मांसाचं सांगितलं तेव्हा गप्प बसली जरा वेळ. मग म्हणाली आपल्या म्युझियमवाल्याला कोणी मारलं नव्हतं नं? म्हटलं नाही, वादळात वाहून आला होता असं लिहिलंय. मग म्हणे हां, आणि थेपल्यात दही घालायचं की नाही ते विचार, दूध चालत नाही म्हणाल्यात त्या.

तर, दह्यातले थेपले चालतात का कस्टमला?

रावपुरा_ते_रोम

पाण्यातलेच करा ताई, कशाला वाद घालत बसता. तेल जरा जास्त टाका, चार दिवस मऊ राहतात.