चीन कन्फ्युशियसचा, की नुसती पाटी त्याची?

चहाबाज:
चीन कोणी घडवला म्हटलं की लोक माओचं नाव घेतात. मला विचाराल तर इ.स.पू. ५५१ मध्ये लू राज्यात जन्मलेला तत्त्वज्ञ कन्फ्युशियस माओला पुरून उरला. १९६६ मध्ये, माओने जुन्या विचारांविरुद्ध उभारलेल्या सांस्कृतिक क्रांतीत, रेड गार्ड्सनी (माओभक्त तरुणांच्या टोळ्यांनी) कन्फ्युशियसच्या चुफू गावात त्याच्या देवळाची नासधूस केली, वंशजांच्या कबरी उकरल्या. आणि २०१३ पासून माओच्याच कम्युनिस्ट पक्षाच्या राजवटीत कायदा काय सांगतो? वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं! जिंकलं कोण?

रेघोटी:
सपशेल असहमत. मुलं आपणहून जात असती तर कायदा कशाला लागला असता? गावाकडून मोठ्या शहरात कामाला गेलेल्याला तिथला हुकोऊ (रहिवासाची सरकारी नोंद) सहजी मिळत नाही. मग पोरांच्या शाळेपासून म्हातारीच्या दवाखान्यापर्यंत सगळं अडतं, म्हणून म्हातारी गावातच राहते. सरकारने आपलं ओझं मुलाच्या गळ्यात घातलं आणि वर गुरुजींचा फोटो लावला, एवढंच.

दुपारचा_वारा:
फोटोसुद्धा धड लावता आला नाही हो! जानेवारी २०११ मध्ये तिआनमेन चौकाशेजारी, राष्ट्रीय संग्रहालयासमोर त्याचा साडेनऊ मीटरचा पुतळा उभारला आणि एप्रिलमध्ये रातोरात हलवला.

चहाबाज:
पुतळ्याचं सोडा, परीक्षा बघा. राजदरबारी नोकरीची परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली, तरी आजही गाओकाओच्या (कॉलेज प्रवेशपरीक्षेच्या) दिवसांत अख्खं घर श्वास रोखून असतं.

रेघोटी:
परीक्षा कन्फ्युशियसने काढलीच नव्हती, ती हजारेक वर्षांनी आली. तो तर वाळवलेल्या मांसाची जुडी घेऊन येईल त्याला शिकवायचा. बादशहांनी हान फेई या कायदावादी विचारवंताच्या कठोर कायद्याने राज्य केलं आणि तोंडाने कन्फ्युशियस म्हटला. आजही तेच.

दुपारचा_वारा:
इथे मात्र रेघोटीताई, तुम्ही त्याला फारच गरीब करून टाकलंत. 'लुन यू' या त्याच्या वचनसंग्रहात एक किस्सा आहे. एक सरदार फुशारकी मारतो, आमच्याकडचा माणूस इतका सरळ की बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. कन्फ्युशियस म्हणतो, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला; सरळपणा त्यातच आहे. कुठल्या सरकारला हे परवडेल? हान फेईला हाच किस्सा खुपत होता. सांस्कृतिक क्रांतीत मुलांना आईबापांविरुद्ध उभं केलं, ते याच्या अगदी उलट. आणि २०१२ च्या फौजदारी प्रक्रियेतल्या दुरुस्तीने आरोपीचे आईवडील, मुलं, नवरा किंवा बायको यांना साक्षीसाठी कोर्टात ओढून आणायला मनाई केली. ही काय नुसती पाटी?

रेघोटी:
कोर्टात यायची सक्ती नाही, एवढंच. माहिती असेल तर जबानी देण्याचं कर्तव्य त्याच कायद्यात कायम आहे. पोलिसांपुढे कोण कोणाला झाकणार?