मदत हवी आहे : पाणी तुंबणाऱ्या कोपऱ्यात रेन गार्डन जमेल का?

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या आवारातल्या सखल कोपऱ्यात जोराची सर आली की घोटाभर पाणी साचतं. कमिटीत दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, काँक्रीट करा आणि पाइपाने पाणी थेट गटारात सोडा, कटकट मिटली. मी दुसऱ्या तटात. तिथे उथळ खोलगट बाग करून पाणी जिथल्या तिथे जिरवावं असं मला वाटतं. मोठ्या पावसात गटार आधीच तुडुंब असतं, आपलं पाणी त्यात ढकललं की खालच्या गल्लीत शिरणार. सिंगापूरच्या बिशान पार्कमध्ये काँक्रीटचा सरळ कालवा काढून 2012पर्यंत काल्लांग नदी पुन्हा वळणावळणाची केली, हे सांगून पाहिलं. उत्तर आलं, "ती नदी आहे, हा कोपरा!" मुद्दा बरोबर आहे म्हणा.

हिशेब असा : कोपऱ्याकडे उतरणारी गच्ची 200 चौरस मीटर. 50 मिमी पाऊस झाला तर 10,000 लिटर. बाग 40 चौरस मीटर आणि 20 सेंमी खोल केली तर 8,000 लिटर मावतं.

घोडं अडलंय जिरण्यापाशी. वीतभर खड्डा खणून पाणी भरलं, मुरू दिलं, पुन्हा भरलं. रात्री ओतलेलं पाणी सकाळी जवळपास तसंच. तो थर इतका कडक की पहार ठणठणते, त्यात खडी नि विटांचे तुकडे. एका जागी पहारीने आणखी खाली गेलो तर माती मऊ, मुठीत दाबली की फुटणारी. म्हणजे बांधकामाच्या वेळी दबलेला थरच आड येतोय ना? तो फोडला तर काम भागेल का? भिंतीपासून किती लांब राहावं? आणि डासांचं काय सांगू? विरोध मुख्यतः त्यावरूनच आहे. कोणती झाडं लावायची ते नंतर बघू.

प्रतिसाद :
लक्षणं दबलेल्या थराचीच आहेत. खालची ओली माती तळव्यावर वळून बघा. लांब वळी झाली तर चिकण, तुटत राहिली तर चांगलं. थर काढून तळाशी पुन्हा पाणी भरून पाहा, त्याआधी काहीच ठरवू नका. काम करताना बागेच्या जागेत जेसीबी फिरू देऊ नका, नाहीतर नवा थर तयार! अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे पाणी दोन दिवसांत जिरलं तर त्यांना वावच नाही. पाया वाचवायला भिंतीपासून निदान 3 मीटर सोडा. बागेवर थेट पडणारे 2,000 लिटर तुम्ही धरले नाहीत, तेव्हा जादा पाण्याला गटाराकडे वाट ठेवाच. पाइपवाल्यांनाही तेवढं पटेल.

धागाकर्ता :
वळी होत नाहीये, तुटतेय! या रविवारी थर फोडतो. चाचणीचा खड्डा किती रुंद घेऊ?