व्हेंडरने दिवाळीचा डबा घरी पाठवला, परत करू का?

बुटीबोरीवाला
राजेहो, जरा सल्ला द्या. बुटीबोरीत फॅब्रिकेशन कंपनीत परचेसला आहे मी. पेंटच्या व्हेंडरने दिवाळीला घरी डबा पाठवला, वर संत्रा बर्फी अन् खाली चांदीचं नाणं निघालं. बर्फी तर आईने शेजारी वाटूनही टाकली. आता याच माणसाचं रेट कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय अन् कोटेशन माझ्याच टेबलावर येते. सिनियर म्हणते ठेव ना बे, सगळेच घेतात. पॉलिसी वगैरे काही नाही आमच्याकडे.

हिंगणा अकाउंट्स
बर्फी गेली ती गेली, तिचं टेन्शन नको घेऊ. नाणं परत कर, पण गुपचूप हातात देऊ नको, मेल टाक अन् साहेबांना सीसीत ठेव, म्हणजे उद्या कोणी काही म्हटलं तर कागद आहे. किंमत सोड, कोटेशनच्या तोंडावर आलं हेच खटकते. अन् ऑफिसच्या गेटवर न देता घरी काहून पाठवलं? तुझा पत्ता कोणी दिला त्याला?

सदरवाला
उगाच घाबरवू नका पोराला. दोन्हीकडे खाजगी कंपनी, लाचेचा कायदा फक्त सरकारी माणसासाठी आहे.

ताई_कम्प्लायन्स
1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांबद्दलच आहे, ते खरं. पण कस्टमर यूकेचा असला तर तिकडचा 2010 चा ब्रायबरी ॲक्ट खाजगी व्यवहारातली लाचही धरतो, म्हणून असे कस्टमर ऑर्डर द्यायच्या आधी लाच देणार-घेणार नाही अशा कागदावर आपल्याकडून सह्या घेतात. अन् आपल्याकडे त्याच 1988 च्या कायद्यात 2018 च्या दुरुस्तीनंतर लोकसेवकाला लाच देणाराही सापडतो, 7 वर्षांपर्यंत कैद, कंपनीच्या कामासाठी दिली तर कंपनीलाही दंड. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं, तरच सुटका. एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, टोल फ्री 1064 आहे. कंपनीला वाचायचं असेल तर लाच रोखायला पुरेशी व्यवस्था होती हे दाखवावं लागते, अन् नुसती पॉलिसी छापून भिंतीवर लावली तर ती व्यवस्था नाही होत बाप्पा. गिफ्टचं रजिस्टर ठेवा, कोणी दिलं, कधी, काय केलं. आलेला मेवा रिसेप्शनवर उघडून सगळ्यांना वाटा.

बुटीबोरीवाला
मेल टाकला. व्हेंडरचा फोन आला, नाराज वाटला जरा, पण घेऊन जातो म्हणे. साहेब रजिस्टरला हो म्हणाले. मग मी विचारलं, आपण दरवर्षी सरकारी ऑफिसांत डबे पाठवतो ते पण यात लिहायचे का? तर म्हणे ते राहू दे सध्या.

हिंगणा अकाउंट्स
तेच तर आधी लिहायला पाहिजे. खर्च कोणत्या खात्यात टाकतात बघ. माझ्या आधीच्या कंपनीत स्टाफ वेलफेअरमध्ये टाकत होते, ऑडिटरने स्टाफची नावं मागितली तर सगळे एकमेकांकडे पाहून राहिले.