कर उतरवला की चोरटी सिगारेट थांबेल?

रोहिणी: सतीशरावांनी काल लिहिलं, ‘कर वाढले म्हणून नकली सिगारेट आली, कर उतरवा, माफिया उपाशी मरेल.’ वाचून डोकं फिरलं. कॅनडाने फेब्रुवारी 1994 मध्ये तस्करीला घाबरून नेमकं हेच केलं. पुढे 2008 मध्ये तिथल्या दोन बड्या सिगारेट कंपन्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. चोरट्या वाटेने विकला गेलेला माल त्यांचाच होता! दंड आणि भरपाई मिळून एक अब्ज डॉलरच्या वर गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी का देता?

सतीश: कॅनडा राहू द्या ताई, न्हावा शेव्याच्या बंदरात या. कागदावर भलताच माल, कंटेनरमध्ये परदेशी सिगारेटी. डीआरआयने, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, पकडल्या तेवढ्याच बातमीत येतात. इथला कंपनीवाला पाकिटावर 85 टक्के जागेत धोक्याचं चित्र छापतो, कर भरतो. चोरट्याला दोन्ही माफ. मधला सगळा पैसा टोळीचा. हे खोटं आहे का?

हणमंत: माझ्या भावाची सांगलीत टपरी आहे. स्कूटरवर पोरगा येतो, पिशवी ठेवतो, रोख घेऊन जातो. नकली पाकिटाची छपाई फिकट असते, वरची प्लास्टिकची पट्टी ओढताना मध्येच तुटते. पण गिऱ्हाईक एकेक सुट्टी सिगारेट घेतं, पाकीट बघतंच कुठे? सुट्टी विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे म्हणे! धाड टपरीवर पडते, गोदामाला कुणी हात लावत नाही. गुटख्याचंही तेच. 2012 पासून बंदी, आणि एक गाव दाखवा जिथे पुडी मिळत नाही.

सतीश: बघा! बंदी घातली आणि धंदा गुंडांच्या हातात आयता दिला. उठवा ती बंदी.

मीनल: उठवा? माझे बाबा जबड्याच्या कॅन्सरने गेले. शेवटी तोंडात चमचा जात नव्हता, नळीतून पेज घालायचो. तुम्ही महसूल मोजत बसा.

सतीश: वाईट वाटलं, पण मुद्दा तो नाही.

मीनल: माझ्यासाठी तोच आहे.

रोहिणी: आणि टोळ्यांना बंदी लागत नाही, सतीशराव. गोवा गुटख्याचे मालक जे. एम. जोशी आठवतात? दाऊदच्या भावाला, अनीसला, पाकिस्तानात गुटख्याचा कारखाना काढायला मदत केली म्हणून मुंबईच्या मकोका न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये 10 वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण 2012 च्या बंदीच्या कितीतरी आधीचं.

सतीश: बरं, जोशी प्रकरण मान्य. कॅनडाचंही अर्धं मान्य. पण नुसता कर वाढवून गोदाम सापडत नाही, एवढं तुम्हीही कबूल करा.

रोहिणी: करते. म्हणूनच पाकीट कारखान्यापासून टपरीपर्यंत शोधता आलं पाहिजे. तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 2018 मध्ये सामील झाला, त्यात हेच कलम आहे. ते राबवायला कंपन्यांना भाग पाडा, मग कराचं बोलू.

हणमंत: आणि तोवर भावाने हप्ता कुणाकुणाला द्यायचा, तेही सांगा.