६०० किमी सोलो रेस: यंदा नाव टाकू की पुढच्या वर्षी?

अडाणकाठ
नमस्कार मंडळी. डिसेंबरात ६०० किमीची सोलो सायकल रेस आहे, कटऑफ (पूर्ण करायची मुदत) ३२ तास. नोंदणी या महिनाअखेर बंद होते. राहतो दारव्हा तालुक्यात. दर रविवारी १००-१२० किमी, चाकावरची (थांबे वगळून) सरासरी ताशी २३ किमी. सर्वांत लांब राइड म्हणजे २०० किमीची बीआरएम (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड), साडेअकरा तासांत. हायब्रीड सायकल, ३२ मिमी टायर. मार्गावर दोन घाट आहेत, आमच्याकडे सगळा सपाट रस्ता. काय कमी पडते ते स्पष्ट सांगा.

रात्रपाळी
भाऊ, आधी हिशेब मांडा. ६०० भागिले ३२ केले तर १८.७५ येते आणि सोपे वाटते. पण घड्याळ थांबत नाही. जेवण, पाणी, पंक्चर, कपडे बदलणे यांत तीन तास गेले तर चाकावर २९ तास उरतात, म्हणजे सरासरी २०.७ लागते, तीही घाट आणि रात्र धरून.

आता तुमची २०० पाहा. २३ च्या वेगाने चाकावर पावणेनऊ तास लागायला हवे होते, लागले साडेअकरा. वरचे पावणेतीन तास कुठे गेले? जीपीएसची फाइल उघडा आणि प्रत्येक थांबा वहीत लिहा. बहुतेक वेळा एकही मोठा थांबा सापडत नाही, दहा-बारा मिनिटांचे पंधरा थांबे सापडतात. माझ्या मते तुमचे पाय तयार आहेत, थांबे आवरायचे आहेत.

रेसच्या आधी ३०० आणि ४०० ची बीआरएम करा. तिथली मुदत अनुक्रमे २० आणि २७ तास, पण तिच्यावर जाऊ नका. ४०० किमी सगळे थांबे धरून २० तासांत, न झोपता झाले तर रेसला उतरा. २२ च्या वर गेले तर यंदा ६०० ची बीआरएम करा, तिला ४० तास भेटतात आणि मध्ये दोन-तीन तास झोपता येते. नोंदणीची तारीख जवळ आली म्हणून हा क्रम उलटा करू नका.

झोपेची तालीम वेगळी करावी लागते. दिवसभर काम करून रात्री नऊला निघा: दारव्हा, यवतमाळ, आर्णी, दिग्रस, परत दारव्हा. सोबत कोणी असू द्या. खरी परीक्षा पहाटे तीन ते पाच. सायकल पांढऱ्या पट्टीकडे सरकायला लागली की लगेच उतरा. चहा घ्या, गजर लावून २० मिनिटे आडवे व्हा. उठेपर्यंत चहाचा असर सुरू होतो.

पऱ्हाटी
वरचा हिशेब बरोबर आहे. त्यात पंक्चर मीच जास्त धरीन, काहून का आपल्याकडे बाभळीचा काटा. तो टायरमध्ये मोडतो, टोक आतच राहते, नवी ट्यूब टाकली की दहा किमीवर पुन्हा हवा जाते. नुसते बोट फिरवून टोक लागत नाही, लागले तर बोटात जाते. कापसाचा बोळा घ्या, टायरच्या आतून सावकाश फिरवा. जिथे तंतू अडकला तिथे काटा. बाहेरून दाबा, आतून चिमट्याने ओढा. दोन ट्यूब, आठ पॅच, टायर काढायचे दोन लिव्हर, चेनची जोडकडी आणि पंप एवढे अंगावर ठेवजा. ३२ च्या टायरला ७० किलोच्या माणसासाठी ६०-६५ पीएसआय हवेचा दाब पुरे. जास्त हवेने तळहात बधिर होतात.

दिव्याचे म्हणाल तर डिसेंबरची रात्र १३ तासांची. ४०० ल्युमेन उजेडावर तुमचा दिवा खरे किती तास चालतो ते घरी लावून मोजा आणि चार्जिंगला लावल्यावरही पेटतो का तेही पाहा. मागे दोन लाल दिवे हवेत. कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे बिनदिव्याच्या चालतात, म्हणून रात्रीच्या तालमीत उतारावरही ब्रेकवर बोटे ठेवा.

अडाणकाठ
फाइल पाहिली. १७ थांबे निघाले. आता घाट आणि खाण्याचे सांगा.

चढउतार
घाटासाठी परतवाड्याहून चिखलदरा. वर ११०० मीटरच्या आसपास जाता. एका दिवशी दोनदा चढा, दुसरा चढ पहिल्याच वेळात आला पाहिजे. हायब्रीडला पुढची लहान चकती असेल तर गिअरवर खर्च करू नका.

खाणे तासाला ६० ग्रॅम कर्बोदके. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम, म्हणजे एक केळे, दोन खजूर आणि गुळाचा खडा. भूक लागायची वाट पाहू नका, दर अर्ध्या तासाला घड्याळावर खा. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खे टाकले तर मळमळते, आणि तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसले तर रक्तातले सोडियम उतरते, डोके दुखते, उलटी होते. ढाब्यावर पोहे घ्या, तर्री घेऊ नका. दही-भात चालतो. रेसच्या दिवशी जे खाणार ते ४०० ला खाऊन पाहिलेले असावे.

रात्रपाळी
१७ पैकी किती थांबे फक्त पाण्यासाठी होते तेवढे कळवा. तिसरी बाटली बसवून त्यातले निम्मे जातील.